अडतीस हप्ते पाहिलेला लेथ

मी एक जुना लेथ आहे. जुनी यंत्रं आपली कहाणी सांगतात तेव्हा आवाज मऊ ठेवतात, हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, मीही तसा प्रयत्न करीन. पण मी रागावलेला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

लेथ म्हणजे काय, ते थोडक्यात. माझ्या एका टोकाला चक आहे, म्हणजे लोखंडी मूठच म्हणा. तिच्यात लोखंडाचा तुकडा घट्ट धरतात आणि गरगर फिरवतात. समोरून धारदार टूल सरकत येतं आणि काकडी सोलावी तसं त्या तुकड्याला सोलतं. त्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. शाफ्ट, बुश, पुली, जे जे गोल आणि मापात हवं ते माझ्यावर होतं. मापात म्हणजे अगदी मापात. केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी गिऱ्हाईक जॉब परत आणून टाकतं.

माझा जन्म फाउंड्रीत झाला. माझं ओतीव धड थंड झालं तरी मला लगेच कामाला जुंपलं नाही. वर्षभर उघड्या अंगणात उन्हापावसात पडू दिलं. ओतताना लोखंडाच्या पोटात ताण राहतो, तो सावकाश निघून जावा लागतो. मग मला घासलं, रंगवलं आणि एका मोठ्या कारखान्यात नेलं. तिथे मी बावीस वर्षं काम केलं. पहिल्या पाळीला माझ्यावर एक टर्नर असे. माप घेताना तो सारखा 'सूतभर राहिलंय, सूतभर' असं पुटपुटायचा, म्हणून सगळे त्याला सूतभर म्हणत. मी त्याला माझा टर्नर म्हणतो.

पुढे कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली. एकाच आठवड्यात आम्हा दोघांना बाहेरचा रस्ता दाखवला. त्याला आभाराचं पत्र मिळालं, मला लिलावाचा नंबर. लिलावाच्या दिवशी भंगारवाल्यांच्या गर्दीत तो शेवटच्या रांगेत उभा होता. बँकेकडून साठ हप्त्यांचं कर्ज काढून त्याने मला सोडवलं. भाड्याच्या एका गाळ्यात मला उभं केलं आणि तीन आठवडे हाताने घासून माझा बेड सरळ केला. बेड म्हणजे माझी पाठ. तिच्यावर तो साधा पानाही ठेवत नसे.

शेजारच्या गाळ्यात वेल्डर होता. मधे नुसता पत्रा, त्यामुळे इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडची ठिणगी इकडे. मी गाळ्याबाहेर कधी जात नाही, तेव्हा इथे जे बोललं गेलं तेवढंच मी सांगणार आहे. पदरचं काही घालणार नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जायचा. एकतीस हप्ते गेले, एकही चुकला नाही. त्या एकतीस महिन्यांत आमच्या पाठीवर कुणी शाबासकीची थाप मारल्याचं मला आठवत नाही. असो.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक पंपाचा कारखाना. त्यांचे शाफ्ट आमच्याकडे व्हायचे. सुरुवातीला पैसे तीस दिवसांत येत. मग साठ, मग नव्वद, मग एकशे वीस. माझा टर्नर फोन करी, तेव्हा त्यांचा खरेदी अधिकारी सांगे की बिल वर गेलंय. तीन महिने हेच ऐकल्यावर वेल्डर पत्र्याआडून म्हणाला, "सूतभर, तुझं बिल इतकं वर गेलंय की आता त्यावर देवच सही करणार."

पण लोखंडवाला देवाच्या सहीसाठी थांबत नाही. त्याचे पैसे क्रेडिट कार्डावरून गेले. त्या कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डावरून. एकाची टोपी दुसऱ्याला घालता घालता टोप्या संपल्या, तेव्हा माझ्या टर्नरने फोनवरून कर्ज घेतलं. चार बोटं फिरवली की पैसे हजर. त्याबदल्यात त्यांनी त्याच्या फोनमधले सगळे नंबर मागितले आणि त्याने देऊन टाकले. बत्तिसावा हप्ता चुकला. मग तेहतिसावा, मग पुढचे.

मित्रांनो, इथे मला थोडं थांबून बोलू द्या. पैसे अडवले पंपवाल्यांनी. त्यांच्याकडे ते होते. त्यांच्या दारात त्याच महिन्यात नवी गाडी उभी राहिली, हे वेल्डरने डोळ्यांनी पाहिलं. पण उशिराची नोंद झाली ती माझ्या टर्नरच्या नावावर. प्रत्येक कर्जदाराची एक नोंद कुठल्याशा कचेरीत ठेवतात, तिला क्रेडिट रिपोर्ट म्हणतात. हप्ता चुकला की तिथे काळा डाग पडतो आणि माणसाची पत घसरते. कारखान्याने टर्नरचे पैसे चार महिने दाबून ठेवले, तर त्याची नोंद करणारी कचेरी मात्र कुठे नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

मग बँकेचा वसुलीवाला आला. भर दुपारी. गाळ्यात शिरताच त्याने बुटाचा पाय माझ्या बेडवर ठेवला, गुडघ्यावर कोपर टेकलं आणि चार गाळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं की घ्यायला येतं आणि द्यायला येत नाही का. माझा टर्नर त्या बुटाकडे बघत राहिला. एरवी त्याने अशा माणसाला उचलून बाहेर ठेवलं असतं. देणं माणसाची मान अशी खाली घालतं. वसुलीवाला गेल्यावर माझ्या टर्नरने फडक्याने माझी पाठ पुसली, तीनदा पुसली, आणि शटर अर्धं खाली ओढलं. पुढचे कित्येक महिने आम्ही त्या अर्ध्या शटरआड काम केलं. गिऱ्हाइकाला वाटे गाळा बंद आहे, आणि ते निघून जाई.

आता माझ्याच माणसाची चूक सांगतो, कारण सांगायचं तर सगळं सांगावं.

टूलचं टोक जॉबच्या बरोबर मध्यावर यावं लागतं. उंची कमी पडली तर टूलखाली पातळ पट्टी सरकवतात, तिला पॅकिंग म्हणतात. चांगला टर्नर पॅकिंगला पोलादी पत्रा वापरतो. कागद दबतो, माप बिघडतं. माझ्या टर्नरकडे पत्र्याच्या पट्ट्यांचा डबा होता. तरीही त्या महिन्यांत बँकेचं पत्र आलं की तो ते न उघडता पाकिटासकट कापायचा आणि घडी करून माझ्या टूलखाली सारायचा. पाकीट डोळ्यांसमोर नको म्हणून. मी लोखंडाचा आहे, मला अपमान कळत नाही असं समजू नका. बावीस वर्षांत माझ्या टूलखाली कागद गेला नव्हता.

अशात एका सकाळी अर्ध्या शटरखालून वाकून एक बाई आत आल्या. हातात छत्री, खांद्याला पिशवी. माझ्या टर्नरच्या सासूबाई. पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर चौतीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या. पहिली बस पकडून आल्या होत्या आणि लेकीच्या घरी न जाता थेट गाळ्यावर आल्या होत्या. स्टुलावर बसल्या, पिशवीतून वही काढली.

"जावईबापू, काल मला एक फोन आला. तुमचा जावई चोर आहे, म्हणाला. मी त्याचं नाव लिहून घ्यायला पेन काढलं, तर त्यानं फोन ठेवला. आता तुमच्याकडून लिहून घेते. किती जणांचं देणं आहे?"

"आई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"त्रास त्या फोनवाल्यानं दिला. किती जणांचं?"

"चौघांचं."

"एकूण किती?"

त्याला माहीत नव्हतं.

"केसाएवढ्या मापाचं काम करता तुम्ही," सासूबाई म्हणाल्या, "आणि स्वतःच्या देण्याचं माप घेतलं नाहीत?"

त्यांनी पत्रं मागितली. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांना आधी कळेना. मग त्याने टूल सैल केलं आणि पॅकिंग बाहेर काढलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं जपून पोचवलेल्या बाईच्या हातात तेलाने माखलेल्या, कापलेल्या पाकिटांची चळत आली. त्यांचा चेहरा पाहून वेल्डरनेसुद्धा पत्र्यापलीकडे यंत्र बंद केलं. पण त्या एकेक तुकडा उजेडाकडे धरून वाचू लागल्या. तेलामुळे कागद पारदर्शक झाला होता, अक्षरं दिसत होती. एका पट्टीवर त्या थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. उरलेले हप्ते वाढीव मुदतीत, कमी रकमेने फेडण्याची सवलत बँक देऊ करत होती. तीस दिवसांच्या आत लेखी कळवायचं होतं. पत्र चार महिन्यांपूर्वीचं होतं.

माझा टर्नर लोखंडाच्या चुऱ्यातच खाली बसला.

पुढच्याच आठवड्यात भंगारवाला आला. वसुलीवाल्यानेच पाठवला होता. त्याने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवून पाहिलं, जसं बाजारात कलिंगड वाजवतात, आणि वजनावर भाव सांगितला. वसुलीवाल्याचा सल्ला असा की हे धूड फुंकून टाका, आलेल्या पैशांत अर्धं कर्ज भरा, बाकीचं बँक सोडून देईल, मोकळे व्हा. माझ्या टर्नरला ते पटत चाललं होतं. त्याची बायको दवाखान्याच्या धुलाईघरात कपड्यांच्या राशी उपसून घर चालवत होती. तिने एवढंच म्हटलं होतं की काहीही करा, पण आईला पुन्हा फोन येता कामा नये. पुन्हा फोन यायचा नसेल तर सर्वात जवळचा रस्ता म्हणजे मला विकणं, हे मलाही दिसत होतं. सासूबाई त्याही दिवशी स्टुलावर होत्या.

"लेथ गेला तर कर्ज जाईल, तशी कमाईही जाईल," त्या म्हणाल्या. "आणि अर्धं भरून सुटलात, तर बाकीचं बँकेनं सोडलं अशी नोंद वर्षानुवर्षं राहील. तुम्हाला सुटायचंय का फेडायचंय?"

तेव्हा माझा टर्नर पहिल्यांदा भडकला. "फेडायला पैसे कुठायत, आई? तुमचं पेन्शन दर महिन्याला येतं. माझं तसं नाही. पंपवाले देतील ती माझी एक तारीख. सांगा ना, कुठून आणू?"

सासूबाईंनी वहीतल्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग वही मिटून म्हणाल्या, "हे खरंय. हे मला कळलं नव्हतं. मग तारीख तुमच्या हातात राहील असं काम घ्या."

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला.

त्या दुपारी माझ्या टर्नरने शटर पूर्ण वर केलं. वाटेने जाणाऱ्यांना कळलं की इथे माणूस काम करतो. हळूहळू लहान गिऱ्हाइकं येऊ लागली. कुणाच्या पिठाच्या चक्कीचा बुश, कुणाच्या चाकाच्या खुर्चीचा आस, कुणाच्या फाटकाची बिजागरी. जॉब घ्या, पैसे द्या. रक्कम चिमूटभर, पण त्याच दिवसाची.

फोनवाल्या कर्जासाठी स्कूटर विकली, कारण व्याज सर्वात चढं त्याचं होतं आणि जीभही सर्वात घाणेरडी त्याची होती. कार्डं कात्रीने कापली, त्यांचं देणं फेडायला चौदा महिने लागले. बँकेत सासूबाई आणि जावईबापू पाच खेपा गेले. सवलतीची मुदत संपली, असं उत्तर चार वेळा मिळालं. पाचव्या वेळी मोठ्या साहेबाने नवं वेळापत्रक मान्य केलं, अडतीस हप्त्यांचं. पण उत्पन्नाचा पुरावा मागितला, आणि तिथे आमचं आणखी एक पितळ उघडं पडलं. कर वाचवायचा म्हणून माझा टर्नर वर्षानुवर्षं निम्मीच मिळकत दाखवत आला होता. साहेब म्हणाले की कागदावर तर तुम्ही उपाशी आहात, हप्ता कसा भरणार? गाळ्यावर परत आल्यावर सासूबाईंनी त्याची जी हजेरी घेतली ती इथे सांगण्यासारखी नाही. शेवट मात्र सांगतो. "खोटं लिहूच नये. आणि लिहायचंच तर निदान स्वतःच्या विरुद्ध लिहू नये." तेव्हापासून लहानात लहान जॉबची पावती फाटू लागली आणि पैसे एकाच खात्यात पडू लागले. ते खातं पाहून साहेबांनी वेळापत्रकावर शिक्का मारला. दर शनिवारी आलेली पत्रं माझ्यासमोर उघडली जात. माझ्या टूलखाली पुन्हा पोलादी पट्टी आली.

मधे एकदा पंपवाल्यांचा खरेदी अधिकारी स्वतः आला. त्यांना दोनशे शाफ्ट तातडीने हवे होते. माझ्या टर्नरने चालू जॉब पूर्ण केला, हात पुसले आणि सांगितलं की मागचं बिल आधी द्या आणि नव्या कामाचे निम्मे पैसे आगाऊ. तो माणूस हसला.

"एवढी वर्षं ओळख आपली. आमच्यावर विश्वास नाही?"

"साहेब, बँक माझं नाव टाकते आणि पडद्यावर माझी कुंडली बघते," माझा टर्नर म्हणाला. "तुमच्याबद्दल कुठं बघायचं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून आगाऊ."

तो हसायचा थांबला आणि गाडीत बसून गेला. दोनशे शाफ्टचं काम हातचं गेलं. तो महिना पोटाला चिमटा घेऊन काढावा लागला, पण पाच तारखेचा हप्ता गेला.

अडतीस हप्ते. तीन वर्षं आणि दोन महिने. एकही चुकला नाही. शेवटचा हप्ता भरून बँकेचं 'बाकी काही नाही' असं पत्र घेऊन तो आला, तेव्हा वेल्डरने चहा मागवला आणि पैसेही दिले. ही घटनाही नोंद करण्यासारखीच आहे.

इथे माझा राग संपायला हवा होता. तो खरा चढला तो यानंतर.

दोन महिन्यांनी गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला. करारात भाडेकरूला पहिला हक्क होता, मुदत साठ दिवसांची. घेतला नाही तर रिकामा करायचा. माझ्यासारखं धूड दुसरीकडे न्यायचं म्हणजे क्रेन, नवा पाया, नवी वीजजोडणी. ते जमणार नव्हतं, पुन्हा भंगारवालाच. माझा टर्नर एका दुसऱ्या बँकेत गेला, तीन वर्षांच्या पावत्या आणि करपत्रकं घेऊन. तिथल्या बाईंनी त्याचं नाव टाकलं आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. जुनं कर्ज अजून चालू. सात हप्ते थकीत. आजच्या तारखेला.

झालं होतं असं की जुन्या बँकेने नवं वेळापत्रक नव्या खात्यावर सुरू केलं आणि जुनं खातं बंद करायला विसरली. नव्या खात्यात आम्ही अडतीस हप्ते भरले. जुन्या खात्यात ते सात हप्ते तसेच पडून राहिले आणि दर महिन्याला एक काळा ठिपका टाकत राहिले. अडतीस महिने. आम्ही एका हाताने डाग धूत होतो, ते दुसऱ्या हाताने पाडत होते.

माझ्या टर्नरने नोंद ठेवणाऱ्या कचेरीला लिहिलं. तिने बँकेला विचारलं. बँकेने कळवलं की नोंद बरोबर आहे. यात तीस दिवस गेले. त्याने पुन्हा लिहिलं. एकेचाळिसाव्या दिवशी तो स्टुलावर बसला आणि म्हणाला की जाऊ दे, आपल्या नशिबात नाही. सासूबाईंचे गुडघे तोवर धरले होते, त्या गावी होत्या. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोन स्पीकरवर होता. "ह्या वेळी मी येणार नाही, जावईबापू. माझी गरज नाही. तुमच्याकडे प्रत्येक कागद आहे."

तो वेल्डरला सोबत घेऊन जुन्या बँकेत गेला. पुढचं मी वेल्डरकडून ऐकलं. तो नकला करत सांगतो, त्यामुळे नकला वजा करून सांगतो. साहेब म्हणाले, सिस्टिममध्ये असंच दिसतंय. माझ्या टर्नरने टेबलावर अडतीस पावत्या मांडल्या, बाकी नसल्याचं पत्र मांडलं, आणि शेजारी नव्या वेळापत्रकाचा कागद, त्यांच्याच शिक्क्याचा. आवाज चढवला नाही.

"साहेब, माझा जॉब केसभर चुकला तर गिऱ्हाईक परत आणतं. मी वाद घालत नाही. फुकट पुन्हा करून देतो. हा तुमचा जॉब आहे. चुकलाय. पुन्हा करून द्या. मी इथंच बसतो."

आणि बसला. साहेबांनी चष्मा लावला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते कागद वाचले. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तरी हे दोघे खुर्चीवरून हलले नाहीत. चार वाजता एक पत्र मिळालं, त्यात चूक कबूल केली होती. माफी नव्हती. बावन्नाव्या दिवशी नोंद सुधारली. अठ्ठावन्नाव्या दिवशी नव्या बँकेचं कर्ज मंजूर झालं, व्याज जरा जास्त लावून. साठाव्या दिवशी गाळ्याच्या कागदावर माझ्या टर्नरने सही केली. मी जागचा हललो नाही.

मित्रांनो, रिवाजाप्रमाणे मी आता म्हणायला हवं की आम्हाला तेल घाला, आमची धूळ झटका, आम्हाला गंजू देऊ नका. तेल मला रोज मिळतं. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यातलं कुणी माझ्या टर्नरसारखं स्वतःच्या हिमतीवर धंदा करील, त्याने आलेलं पत्र उघडावं. न उघडल्याने देणं कमी होत नाही. पण मला खरं बोलायचंय ते तुमच्यातल्या त्याच्याशी, जो उद्या कारखान्याचा मालक होईल. तुझ्या टेबलावर एखाद्या लहान कारागिराचं बिल पडलेलं असेल. रक्कम तुला किरकोळ वाटेल. आज सही केली काय, चार महिन्यांनी केली काय, तुझं काही बिघडणार नाही. बाबा रे, आजच कर. तू उशीर करतोस तेव्हा कुठेतरी एक माणूस शटर अर्धं खाली ओढतो.

माझ्या टर्नरच्या चुकलेल्या सात हप्त्यांची नोंद आणखी काही वर्षं राहणार आहे, असं नव्या बँकेने सांगितलं. ठीक आहे, चुकले होते. पंपवाल्यांच्या उशिराची नोंद कुठेच नाही, म्हणून ती मी इथे करून ठेवतो. एकूण बिलं चौदा. शेवटच्या वर्षात एकही बिल एकशे वीस दिवसांच्या आत आलं नाही. चौदावं आजही यायचं आहे.